आज हे विमान उडालं नाही तर? छोट्या विमान कंपनीच्या भेटीला निघालेल्यांसाठी

प्रश्न असा आहे: पुण्यातल्या एका पॉलिटेक्निकच्या प्राध्यापिका मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची मुलं घेऊन एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीच्या तळावर दिवसभराच्या भेटीला निघाल्या आहेत. कंपनी आडबाजूच्या शहरांना जोडते. तिथे काय बघावं, कोणाला काय विचारावं, आणि अशा कंपन्या वाजतगाजत सुरू होऊन दोन-तीन वर्षांत मार्ग बंद का करतात, हे त्यांना समजून घ्यायचं आहे.

मॅडम, मी विमान देखभाल अभियंता. नोकरीची बहुतेक वर्षं टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याच्या विमानांवर गेली. आता धानोरीत राहतो आणि लोहगावच्या विमानतळावरून काय उठलं ते गच्चीवर न जाता आवाजावरून सांगतो. घरच्यांना त्याचं फारसं कौतुक नाही.

मुलांना आधी कॉकपिट बघायचं असेल. बघू द्या, पण त्यात तास घालवू नका. त्याऐवजी त्यांच्या हातात एकच प्रश्न द्या आणि दिवसभरात जो भेटेल त्याला तो विचारायला सांगा: आज हे विमान उडू शकलं नाही, तर तुम्ही काय कराल? पायलटला विचारा, स्टोअरवाल्याला विचारा, चेक-इन काउंटरवरच्या मुलीला विचारा, वेळापत्रक लावणाऱ्याला तर नक्कीच विचारा. शंभराच्या वर विमानं असलेली कंपनी दुसरं विमान लावते आणि पुढे जाते. चार-सहा विमानं असलेल्या कंपनीत प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं, आणि ती उत्तरं जोडली की कंपनी कशी चालते ते कळतं. एसटीच्या डेपोत एखादी जादा गाडी उभी असते, तशी विमानाची चैन या लोकांना परवडत नाही. उभ्या विमानाचंही भाडं चालू असतं, तेही डॉलरमध्ये.

आता विमानाबद्दल. आपल्याकडे अशा कंपन्यांत बहुतेक करून एटीआर ७२-६०० दिसेल. सत्तर ते अठ्ठ्याहत्तर सीट, लांबी सुमारे सत्तावीस मीटर, पंख वर आणि त्याखाली दोन टर्बोप्रॉप इंजिनं. मोठ्या जेटपेक्षा वेग बराच कमी, ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. पण तासाभराच्या मार्गावर जेटचा वेग वापरायला वेळच मिळत नाही. चढण्या-उतरण्यातच अर्धा प्रवास संपतो. इंधन मात्र एटीआर कितीतरी कमी पितं, आणि साधारण तेराशे मीटरच्या धावपट्टीवरून कामकाज करू शकतं. शिमल्याची धावपट्टी तर सव्वा किलोमीटरच्या आसपास, डोंगरमाथा कापून केलेली. तिथे विमान उतरू शकतं, पण पूर्ण भरून नेता येत नाही.

मेकॅनिकलच्या मुलांना रिडक्शन गिअरबॉक्ससमोर उभं करा. इंजिनातलं पॉवर टर्बाइन मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेतं आणि सहा पात्यांचा पंखा फिरतो जास्तीत जास्त बाराशेनं. मधली सगळी करामत त्या गिअरबॉक्सची. त्याच्या तेलात चुंबकीय चिप डिटेक्टर असतो. दात किंवा बेअरिंग झिजायला लागलं की धातूचे कण त्याला चिकटतात. तो काढून दाखवायला सांगा. चिमूटभर कण सापडले, तर ते कोणत्या धातूचे, किती, कोणत्या आकाराचे यावर विमान उद्या उडणार की नाही हे ठरतं. वर्गात वेअर (झीज) आणि फटीग (वारंवारच्या ताणानं धातूला येणारा थकवा) शिकवताना याच्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी गंमत म्हणजे या विमानाला शेपटीत वेगळं छोटं इंजिन, म्हणजे एपीयू नसतं. जमिनीवर वीज आणि गार हवा हवी असेल तर उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेक लावून थांबवतात. त्याला हॉटेल मोड म्हणतात. छोट्या विमानतळावर जमिनीवरची वीजगाडी नसली किंवा बिघडली तरी काम अडत नाही, ते यामुळे. प्रवासी मागच्या डाव्या दारानं चढतात आणि सामानाची मोठी जागा पुढे, कॉकपिटच्या मागे. म्हणून माणसं आधी मागे भरली आणि सामान पुढे चढायचं राहिलं, तर विमान शेपटीवर बसू शकतं. चढ-उतार चालू असताना शेपटीखाली एक टेकू लावलेला दिसेल, तो त्यासाठी.

इथून लोड अँड ट्रिम शीटकडे, म्हणजे विमानातलं वजन आणि त्याचा तोल मांडणाऱ्या कागदाकडे वळा. मुलांना वाटतं सीट आहेत तेवढे प्रवासी बसणार. तसं नसतं. विमानाचं स्वतःचं वजन, माणसं, सामान आणि इंधन यांची बेरीज त्या दिवशीच्या तापमानाला आणि धावपट्टीला चालणाऱ्या कमाल वजनात बसवावी लागते, आणि गुरुत्वमध्यही मर्यादेत ठेवावा लागतो. मे महिन्यात खानदेशात दुपारी पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचाही जोर घटतो. वर पुढच्या गावी हवा खराब असण्याची शक्यता असली, तर तिथून परत पुण्याला येण्याइतकं जास्तीचं इंधन घ्यायला लागतं. ते इंधन कोणाच्या तरी जागेवर बसतं. कधी चार प्रवासी मागच्या रांगेतून पुढे बसवले जातात, कधी बॅगा मागे राहतात. "माझी बॅग मुद्दाम ठेवली" असं म्हणणाऱ्या प्रवाशाला हे काउंटरवर उभं राहून समजावणं फार अवघड काम आहे; ते करणाऱ्या मुलीशी तुमच्या विद्यार्थ्यांना बोलू द्या.

मग स्टोअर. इथे मात्र वेळ काढा, माझं ऐका. हँगरपेक्षा स्टोअरमध्ये कंपनीची तब्येत जास्त खरी कळते. दोन-तीन जास्तीची चाकं, ब्रेक युनिट, स्टार्टर-जनरेटर, काही व्हॉल्व्ह, काही कॉम्प्युटर, बल्ब, फिल्टर, सील. प्रत्येकाला कागद जोडलेला असतो, आम्ही फॉर्म वन म्हणतो: भाग कोणी बनवला किंवा दुरुस्त केला, कधी, कोणत्या मान्यतेखाली. कागद हरवला तर लाखाचा भाग भंगाराच्या भावाचा, कारण तो विमानाला लावताच येत नाही. स्टोअरवाल्याला विचारा, तुमच्याकडे नसलेला भाग लागला तर कुठून येतो आणि किती वेळात? उत्तर देताना तो घुटमळला तर घुटमळू द्या, त्यातही शिकायला मिळेल. कंपनीच्या कोपऱ्यात एखादं विमान इंजिनाची तोंडं झाकून उभं असेल आणि त्याचे काही भाग गायब असतील, तर ते दुसऱ्या विमानांना गेलेले असतात. असा भाग काढून लावणं नियमात बसतं, पण नोंदी दुप्पट, काम दुप्पट, आणि सवय लागली की ते विमान परत उभं करणं महिनोन् महिने लांबतं.

प्रत्येक बिघाडाला विमान थांबतंच असं नाही, हेही मुलांना कळू द्या. मिनिमम इक्विपमेंट लिस्ट नावाची एक जाडजूड यादी असते. काय बंद असताना, कोणत्या अटीवर आणि किती दिवस उडता येईल, ते त्यात लिहिलेलं असतं. काही गोष्टींना तीन दिवसांची मुदत, काहींना दहा, काहींना एकशेवीस. मुदत संपली की विमान जमिनीवर. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, पायलटनं लिहिलेला स्नॅग (बिघाड), त्यापुढे अभियंत्यानं काय केलं ते, आणि शेवटी सही. परवानाधारक अभियंत्याच्या सहीशिवाय ते विमान कोणताही कॅप्टन नेत नाही. टेक लॉगचं एखादं जुनं पान दाखवायला सांगा. त्यातल्या त्रोटक वाक्यांमध्ये दोन माणसांची सबंध जबाबदारी असते.

विमान तळावर बिघडलं तर निभावतं. खरी परीक्षा दुसऱ्या टोकाला. समजा, उतरताना टायर कापला गेला, तोही अशा विमानतळावर जिथे दिवसाला एक-दोनच विमानं येतात. तिथे जास्तीचं चाक नाही, जॅक नाही, कधी कधी परवानाधारक अभियंताही नाही. मग पुण्याहून किंवा तळावरून एक जीप निघते. तिच्यात चाक, जॅक, टॉर्क रेंच, दोन माणसं आणि नायट्रोजनचा सिलिंडर. विमानाच्या टायरमध्ये साधी हवा भरत नाहीत, आणि दाबाखालचा वायू हा नियमाप्रमाणे धोकादायक माल, तो कोणत्याही विमानात सहज टाकून नेता येत नाही. म्हणून रस्ता. अशा रात्री घाटात चहा पिताना मला नेहमी वाटायचं की विमान कंपनीचं निम्मं वेळापत्रक रस्त्यावरच सांभाळलं जातं. काम तासाभराचं, पोचायला रात्र. आणि दरम्यान त्या विमानाची दुसऱ्या दिवशीची सगळी उड्डाणं रद्द.

आता ऑपरेशन्स कंट्रोल, म्हणजे वेळापत्रक सांभाळणारी खोली. इथे पुण्याचा संबंध थेट येतो. लोहगाव हा हवाई दलाचा तळ. धावपट्टी त्यांची, आपण त्यांच्या अंगणात. नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं, प्रवाशांची सोय झाली, पण धावपट्टी एकच राहिली आणि नागरी विमानांना स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या ठरवून दिलेल्या वेळा, मोजून मिळतात. छोट्या कंपनीचं विमान उशिरा आलं म्हणजे त्याचा स्लॉट गेला, पुढच्यासाठी रांग. दुसऱ्या टोकाच्या विमानतळावर वॉच अवर्स असतात, म्हणजे ठरावीक तासच टॉवर आणि अग्निशमन दल हजर. अनेक ठिकाणी उपकरणांच्या मदतीनं उतरण्याची सोय नसते. तिथे पायलटला डोळ्यांनी धावपट्टी दिसावी लागते, किमान पाच किलोमीटर दृश्यमानता लागते आणि सूर्यास्तानंतर काम बंद. आता साखळी बघा. सकाळी पहिल्या गावी धुकं, एक तास उशीर. पुण्यात स्लॉट हुकला, आणखी पन्नास मिनिटं. तिसऱ्या गावी पोचेपर्यंत तिथला टॉवर बंद व्हायला वीस मिनिटं उरलेली, पायलटांची ड्युटीची मर्यादाही जवळ. उड्डाण रद्द. सकाळच्या धुक्याशी काडीचाही संबंध नसलेल्या गावातली सत्तर माणसं संध्याकाळी काउंटरवर भांडत असतात आणि "तांत्रिक कारण" एवढंच त्यांच्या कानावर येतं. कंपन्यांनी हे नीट सांगायला शिकलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे; लोक समजून घेतात, पण त्यांना कोणी सांगतच नाही.

अग्निशमनाचा उल्लेख केला, त्यावरही एक प्रश्न विचारून ठेवा. विमानाच्या लांबी-रुंदीवरून विमानतळावर किती क्षमतेचे बंब हवेत ते ठरतं. एटीआर ७२ ला पाचवी श्रेणी लागते, एअरबस ए३२० ला सहावी. म्हणजे धावपट्टी लांब असूनही बंब नाही म्हणून मोठं विमान येत नाही, असं होऊ शकतं. आमदारसाहेबांनी धावपट्टी वाढवून आणली एवढ्यानं गावाला विमान मिळत नाही.

कोकणाचं उदाहरण द्यायलाच हवं, कारण पुण्यातल्या निम्म्या घरांचा त्याच्याशी संबंध. सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पुण्याहून फ्लाय९१ या छोट्या कंपनीची एटीआर तिथे जाऊ लागली. चाकरमान्यांची सगळ्यात मोठी गर्दी गणपतीत. गणपती येतात भाद्रपदात, म्हणजे ढग अजून डोंगराला टेकलेले, पाऊस सरीसरीनं. ज्या आठवड्यात प्रत्येक सीट विकली जाते त्याच आठवड्यात उतरता न येण्याची भीती जास्त. दिवाळीत हवा स्वच्छ, पण गर्दी तितकी नाही. हा पेच कोणत्याही हुशार मॅनेजरला सुटलेला नाही. उपकरणं बसवून तो थोडा सैल होतो, इतकंच.

मार्ग बंद का पडतात, याचं उत्तर यातच अर्धं आलं. उरलेलं पैशाचं. सरकारची उडान योजना २०१६ मध्ये आली आणि तिचं पहिलं उड्डाण २७ एप्रिल २०१७ ला शिमला ते दिल्ली झालं. तासाभराच्या उड्डाणासाठी ठरावीक सीट सुरुवातीला अडीच हजार रुपयांच्या मर्यादेत विकायच्या, त्यातली तूट सरकार भरून देणार, तीन वर्षं. तेवढा काळ त्या मार्गावर दुसरी कंपनी येणार नाही. तुटीचा पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर लावलेल्या आकारणीतून येतो, राज्याचाही वाटा असतो. कल्पना चांगली. पण महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब आहे: ७७४ मार्ग दिले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या फक्त ११२ नी तीन वर्षं पूर्ण केली, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यापुढे टिकलेले मार्ग ५४. हे आकडे मुलांना फळ्यावर लिहून द्या. सुरू न होण्याची कारणं वेगळी असतात: विमानतळ तयार नाही, विमान मिळत नाही. सुरू होऊन बंद पडण्याची वेगळी: तीन वर्षांनी तूट बंद, आणि भाडं वाढवलं की प्रवासी रात्रीच्या स्लीपर बसकडे परत.

माझा अनुभव सांगतो की प्रवाशाला स्वस्त तिकिटापेक्षा भरवसा जास्त हवा असतो. जळगावच्या व्यापाऱ्यानं दोनदा रद्द झालेलं उड्डाण पाहिलं की तिसऱ्यांदा तो आधीच रेल्वेचं आरक्षण करतो. मग विमान वेळेवर गेलं तरी अर्धं रिकामं जातं. रिकामं जातं म्हणून फेऱ्या कमी होतात, फेऱ्या कमी म्हणून व्यापारी परत येत नाही. हे चक्र एका जास्तीच्या विमानानं, एका जास्तीच्या इंजिनानं तुटू शकतं, आणि तेच विकत किंवा भाड्यानं घ्यायला छोट्या कंपनीकडे पैसा नसतो. म्हणून मी सुरुवातीला तो एकच प्रश्न दिला.

एका बाबतीत मात्र मुलांचा गोंधळ होऊ देऊ नका. जळगाव, नांदेड, कोल्हापूर, सोलापूर ही दुर्गम गावं नव्हेत. विमान नसलं तर तिथला माणूस रात्रभर प्रवास करून पोचतो. दुर्गम म्हणजे अरुणाचलातलं तुतिंग किंवा मेचुका. एप्रिल २०२२ मध्ये एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) कानपूरच्या कारखान्यात बनलेलं सतरा सीटचं डॉर्निअर २२८ अलायन्स एअर या सरकारी कंपनीनं दिब्रुगड-पासीघाट मार्गावर प्रवासी सेवेत आणलं, ते अशा भागासाठी. १९८१ मध्ये वायुदूत कंपनी निघाली तीसुद्धा मुळात ईशान्येसाठी. पुढे तिला देशभराची गावं जोडायला लावली आणि नव्वदच्या दशकात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विरघळली. आपल्या महाराष्ट्रात दुर्गम म्हणायचं तर गडचिरोलीतलं भामरागड. पर्लकोटा नदीला पूर आला की तालुका तुटतो. तिथे धावपट्टीच नाही, तिथे हेलिकॉप्टरच उपयोगाचं.

खऱ्या दुर्गम ठिकाणी तिकिटाच्या पैशावर विमान कुठेच चालत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये लोगनएअरचं छोटं आयलंडर विमान जातं. अंतर पावणेतीन किलोमीटरच्या आतलं, वेळापत्रकात दोन मिनिटं. त्याच देशातल्या बारा नावाच्या बेटावर विमान समुद्राच्या वाळूवर उतरतं, आणि भरतीच्या वेळा बघून वेळापत्रक छापतात. नॉर्वेत आठशे मीटरच्या धावपट्ट्यांची माळच आहे. या सगळ्यांना सरकार कंत्राट देऊन पैसे देतं आणि मुदत संपली की पुन्हा निविदा काढतं. "आता तुम्ही पायावर उभे राहा" असं कोणी म्हणत नाही. अमेरिकेतही १९७८ मध्ये विमानसेवा खुली केली तेव्हाच लहान गावांसाठी वेगळी मदत ठेवली, ती अजून चालू आहे. तीन वर्षांची मुदत कोल्हापूरला ठीक आहे. मेचुकाला ती लावणं म्हणजे तिथल्या दवाखान्याला नफ्यात यायला सांगणं.

भेटीचं वेळापत्रक लावताना दोन गोष्टी जमवा. एक, किमान एक टर्नअराउंड पूर्ण बघा: विमान थांबल्यापासून पुन्हा निघेपर्यंतची पंचवीस-तीस मिनिटं, घड्याळ लावून, कोण कधी येतो आणि कोण कोणासाठी थांबतो ते लिहीत. दुसरं, जमलं तर रात्रीच्या तपासणीला थांबा. दिवसभर उडालेलं विमान रात्री अभियंत्यांच्या ताब्यात येतं, आणि साठलेली कामं तेव्हाच होतात. ओळखपत्राची मूळ प्रत प्रत्येकाकडे हवी, नावांची यादी आधी पाठवावी लागते, पायात बंद बूट. टोपी, सैल ओढणी, खिशातली नाणी आत नेऊ नका. एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवर, पडलेली कोणतीही वस्तू इंजिनात किंवा टायरखाली जाते. पंख्यापासून लांब राहा, थांबलेला असला तरी. पुण्याहूनच उडून जाणार असाल, तर लोहगावला फोटो काढू नका, संरक्षण दलाचा तळ आहे. आणि रात्रीची परवानगी मिळाली, तर परतीची बस अकराच्या आत ठरवू नका. कामं त्याच्या आधी संपत नाहीत.